पत्रकाखालचं विमान

आमच्या शहरात मधली बरीच वर्षं अशी गेली, की पत्रकाखाली विमान नाही असं एकही आंदोलन झालं नाही. पाण्यासाठीचा हंडा मोर्चा असो, वसतिगृहातल्या जेवणावरचा बहिष्कार असो, अंगणवाडीच्या बायकांचं धरणं असो. शहराचं नाव बदला म्हणणाऱ्यांचं पत्रक असो की बदलू नका म्हणणाऱ्यांचं. वर ठळक मथळा, मधे मागण्या, खाली सभेची जागा, आणि अगदी तळाशी, मुद्रकाच्या नावाशेजारी, अंगठ्याच्या नखाएवढं एक विमान. त्या विमानाचा मोर्च्याशी काही संबंध नसायचा. ते छापखानेवाल्याचं विमान होतं. डोळे बारीक करून पाहिलं तर दिसायचं, की त्याला तीन इंजिनं आहेत. दोन पंखांखाली आणि एक शेपटीत, उभ्या पंखाच्या बुडाशी.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात कामगार आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांच्या गड्ड्या जास्त. उरलेली पत्रकं मांडणीवर अंथरलेली असत, पिठाच्या डब्याखाली असत, माझ्या वह्यांना कव्हर म्हणून असत. 'आता माघार नाही' हे वाक्य मी 'कमळ बघ'च्या आधी वाचलं. आणि लहानपणी माझी पक्की समजूत होती, की वाक्य संपलं की पूर्णविराम देतात आणि पत्रक संपलं की विमान.

हे विमान पुढे एकदा आमच्या घराच्या चुलीपर्यंत येऊन पोचलं. पण त्याआधी ज्यांचं ते विमान होतं, त्या काकांबद्दल सांगायला हवं.

छापखाना गारखेड्यात होता, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर, शटरच्या गाळ्यात. आत एक जुनं ऑफसेट मशीन, कागदाच्या रिमांची भिंत, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर डीटीपीचं काम करणाऱ्या ताई. काका उंच होते आणि मशीनवर वाकून वाकून मानेतून पुढे आले होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कोपरापर्यंतच शाई. त्यांना मालक म्हटलेलं चालत नसे. "मालक तिकडं वाळूजला असतेत. मी या मशीनचा गडी हाय," म्हणायचे. गाव पिशोर. घरची शेती भाऊ बघायचे. काकांना शेतीतलं एकच यंत्र आवडायचं, त्याची गोष्ट पुढे येईल.

कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेले. विषय ग्रंथालयाच्या वेळांचा होता, भाषा साम्राज्य उलथवण्याची होती. काकांनी कागद हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"पोरी, इतके खांब कशाला रोवलेत? लाइट येणार हाय का?"

खांब म्हणजे माझी उद्गारचिन्हं. प्रत्येक वाक्याला एक, काहींना तीन-तीन.

"राग आहे काका तो," मी म्हणाले.

"राग हाय व्हय? मंग शब्दात घाल. खांबावर काय टांगतीस."

त्यांनी सगळे खांब उपटले आणि एक शिल्लक ठेवायची परवानगी दिली. कुठला, ते मीच ठरवायचं. मी त्या गाळ्यात दुपारभर बसून एक उद्गारचिन्ह निवडत राहिले. संध्याकाळी तेही नको म्हणाले. काकांनी काही शाबासकी दिली नाही. ताईंना म्हणाले, "हिच्या पत्रकाला विमान जरा स्वच्छ लावा."

नव्या माणसाला काका एक प्रश्न हमखास विचारायचे. प्लेट तयार व्हायची वाट बघत तो बिचारा स्टुलावर बसलेला असायचा. काका हात पुसत पुढे यायचे. "समज, तुला विमान करायचंय. दोन इंजिनं पंखाखाली टांगली, एक इकडं, एक तिकडं. आता तिसरं कुठं ठिवशील?"

लोक काहीही सांगायचे. टपावर. पोटाखाली. एकाने नाकात सांगितलं, तर काका म्हणाले, "मंग पायलट कुठं बसवतो, कॅरिअरवर?" मग ते रद्दीतला एक कागद गुंडाळून त्याची नळी करायचे आणि समजावायचे. एका बाजूला एक जास्त लावलं तर विमान तिरकं ओढणार. म्हणजे तिसरं मधोमधच हवं. मधोमध जागा फक्त शेपटीत. पण शेपटीच्या पुढे तर विमानाचं सगळं अंग आडवं आलेलं, मग त्या इंजिनाला समोरून हवा कशी मिळणार? इथे ते थांबायचे. ऐकणाऱ्याला खरोखर काळजी वाटू लागेपर्यंत थांबायचे. आणि मग नळीला दोन ठिकाणी हलकेच वाकवायचे. तोंड वर, टपावर, उभ्या पंखाच्या पायथ्याशी. तिथून हवा आत शिरते, खाली उतरते, पुन्हा सरळ होते आणि शेपटीतल्या इंजिनात जाते.

"हवा वळली पाहिजे," काका म्हणायचे, "पण तुटली नाय पाहिजे. सगळी कारागिरी त्यात हाय."

काही कारखान्यांनी ही वळणं टाळून इंजिन सरळ उभ्या पंखातच आरपार बसवलं होतं. त्याबद्दल काकांचं मत होतं, "ते बी चांगलं. पण आळशी." आणि त्याहून जुनी, लहान विमानं होती, ज्यांची तिन्ही इंजिनं मागेच, शेपटीभोवती. पंख मोकळे, त्यामुळे आखूड धावपट्टीवरूनही उठायची. त्यातल्या काहींच्या शेपटीखालून जिना उघडायचा. त्या जिन्यावर काकांचा फार जीव. "शिडी सोबत घिऊन फिरायचं ते. यष्टी स्टँडएवढ्या विमानतळावर उतरलं तरी कुणाला शिडी मागायची नाय. माणसानं बी असंच असावं."

इंजिनांच्या संख्येवरून त्यांनी माणसांची प्रतवारी केली होती. गाजावाजा करणारा, खर्चीक माणूस चार इंजिनांचा. हिशोबी, कामापुरतं बोलणारा दोन इंजिनांचा. एका इंजिनाच्या माणसाबद्दल ते वाईट बोलत नसत, फक्त "त्याला सांभाळून न्यावं लागतं" म्हणत. आणि क्वचित कुणाबद्दल म्हणत, "तीन इंजिनाचा हाय." म्हणजे काय, हे विचारलं तर सांगत नसत. ताई एकदा ताप असताना येऊन परीक्षेच्या प्रश्नपत्रिका लावून गेल्या, तेव्हा त्यांना ही पदवी मिळाली. ताई म्हणाल्या, "काका, त्यापेक्षा गाळ्यात थंड हवा येईल असं काहीतरी करा."

काकांनी केलं. आमच्या शहरातला मे महिना आणि पत्र्याच्या शटरचा गाळा, आत भाजायला व्हायचं. काकांनी कुलर घेतला आणि तो खिडकीत ठेवण्याऐवजी शटरच्या वर, छज्ज्यावर चढवला. पत्रेवाल्याकडून एक मोठी नळी करून घेतली, दोन वळणांची, विमानात असते तशी. तोंड वर, दुसरं टोक ताईंच्या खुर्चीपाशी. उद्घाटनाला मीही होते. कुलर सुरू झाला, नळी थरथरली, घुमली, आणि वाऱ्याची एक अशक्त झुळूक ताईंच्या पायाच्या अंगठ्याला लागली.

"हवा वळली काका," ताई म्हणाल्या. "पण वळून गेली कुठं?"

काका नळीला कान लावून ऐकत होते. "पहिल्या वळणात कोपरा लई टोकदार झाला. पत्रेवाल्यानं घाई केली."

"बदला मग."

"बदलतो ना."

बदलली नाही. ती नळी तशीच राहिली, आणि ताई टेबलफॅन घरून घेऊन आल्या. पण काकांनी नंतर प्रत्येक उन्हाळ्यात कुलर लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या झुळुकीत पाय ठेवायला लावला.

आठवड्यातून एकदा, छापखाना बंद असला, की काका स्कूटर काढून चिकलठाण्याकडे जायचे. विमानतळाच्या कुंपणाबाहेर एका चहाच्या टपरीवर बसून येणारी-जाणारी विमानं बघायचे. दुसऱ्या दिवशी ताई विचारायच्या, "आलं का काल?" काका म्हणायचे, "दोनचंच." त्यांना माहीत होतं, की तीन इंजिनांची प्रवासी विमानं आता जवळजवळ कुठेच उडत नाहीत. उरलीत ती माल वाहतात, तीही मोजकी, दूरदेशी. तरी जायचे. मी एकदा म्हणाले, "काका, जे येणारच नाही त्याची वाट कशाला बघता?" ते म्हणाले, "तुमची क्रांती आली का? तुम्ही बघता ना वाट."

मला राग यायला हवा होता. मी हसले.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एका दमात कधीच सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मशीन धुताना, चहा पिताना. तरुणपणी ते आखातात एका छापखान्यात कामाला गेले होते. मुंबईहून विमान. गावातून मुंबईपर्यंत पोचतानाच जीव अर्धा झालेला. जागा मिळाली शेवटच्या रांगेत. शेजारचा माणूस बसल्या बसल्या झोपला. काकांना रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी डोकं मागे टेकवलं.

"अन् मागून आवाज आला," काका सांगायचे. "पाठीतून. आमच्या विहिरीवरल्या ऑइल इंजिनासारखा."

पिशोरला त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. लहानपणी ते सुरू असलं की घरात सगळे निवांत असत. पाणी चाललंय, बाप बांधावर आहे, काही बिघडलेलं नाही. काका त्या इंजिनाच्या खोपीला पाठ लावून झोपायचे. विमानात शेवटच्या रांगेत, समुद्रावर, पाठीमागे तेच गुरगुरणं. "दोन इंजिनं पंखाखाली असतेत, ती आपल्याला ओढून नेतेत," ते म्हणायचे. "तिसरं पाठीशी असतं. ढकलत बी नाय वाटत. नुसतं हाय असं वाटतं." त्या आवाजावर ते झोपून गेले. आखातातल्या वर्षांबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार काही नव्हतं. परत आले तेही तशाच विमानाने, मुद्दाम शेवटची रांग मागून.

मग छापखाना काढला, आणि मुद्रकाच्या नावाशेजारी विमान आलं. तेव्हापासून कुणीही कितीही सांगितलं तरी ते हटलं नाही. हटलं ते एकदाच, आणि त्याची गोष्ट आमच्या वॉर्डात अजून सांगतात.

महापालिकेची निवडणूक होती. काकांकडे बऱ्याच उमेदवारांची पत्रकं छापायला आली, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांखाली विमान गेलं. त्यात एका अपक्षाला निवडणूक चिन्ह मिळालं विमान. दोन दिवसांत त्याच्या विरोधकाचा कार्यकर्ता गड्डी घेऊन गाळ्यात आला आणि ती टेबलावर आपटली.

"काका, पैसे आमचे, फोटो आमच्या भाऊंचा, अन् खाली चिन्ह त्या गड्याचं?"

"त्याचं नाय ते. त्याच्या विमानाला दोन इंजिनं हायत. नीट बघ."

"मतदार भिंग घेऊन येतो का काका मत टाकायला?"

"मंग मतदाराला समजावून सांगा. प्रचार म्हणजे दुसरं काय असतं?"

शेवटी निवडणुकीच्या पथकातले एक साहेब आले. भले माणूस होते. चष्मा वर करून त्यांनी विमान पाहिलं, तीन इंजिनांचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं, कागदाची नळीही पाहिली. मग म्हणाले, "काका, सगळं पटलं. पण मतदानापर्यंत विमान काढा." काकांनी शब्द दिला. विमान काढलं. पण जागा मोकळी सोडणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी विमानातलं फक्त मधलं इंजिन ठेवलं, समोरून दिसतं तसं. एक गोल आणि त्यात पाती. त्याच वॉर्डात आणखी एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह होतं पंखा.

पुढचे काही दिवस काकांचा छापखाना दोन अपक्षांचा छुपा प्रचार करतोय, अशी चर्चा चहाच्या टपऱ्यांवर होती. दोघेही पडले. मतमोजणीच्या संध्याकाळी विमान आपल्या जागी परत आलं.

आता घराच्या चुलीची गोष्ट.

पप्पांच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे. पत्रा दाबणारं एक अजस्र यंत्र होतं, त्यावर तीन माणसं लागायची. एक पत्रा आत सरकवणार, दुसरा दाबलेला भाग बाहेर काढणार. तिसरा मागे उभा, थांबवायच्या बटनाशी. त्याचं काम फक्त बघण्याचं. कुणाचा हात आत राहिला, पत्रा अडकला, की बटन दाबायचं. पप्पा ते तिसरे होते. दिवसच्या दिवस त्यांना काही करावं लागत नसे, आणि ते पाठीमागे आहेत हे धरूनच पुढचे दोघे हात आत घालत असत.

व्यवस्थापनाने यंत्राला सेन्सर बसवला आणि नोटीस लावली, की आता दोघं पुरेत. तिसऱ्याने कंत्राटदाराकडे नाव नोंदवावं नाहीतर घरी बसावं. आमचं घर पप्पांच्या पगारावर चालायचं. पण त्या रात्री जेवताना पप्पा पगाराबद्दल बोललेच नाहीत. ते पुढच्या दोघांबद्दल बोलत होते. "त्यांचे हात हायत आत," एवढंच दोनदा म्हणाले.

गेटसभेचं पत्रक मी लिहायचं ठरलं. मला लिहायला उदाहरण शोधावं लागलं नाही, मी त्याच्यावरच वाढले होते. मथळा दिला, 'तिसरं इंजिन'. लिहिलं, की ज्या नफेखोरीने विमानातलं तिसरं इंजिन काढून प्रवाशांचा जीव टांगणीला लावला, तीच नफेखोरी आता यंत्रावरचा तिसरा माणूस काढते आहे. विमान तळाशी नाही, थेट पानाच्या डोक्यावर, पानभर रुंद. काकांना आवडणार याची मला इतकी खात्री होती, की मी पप्पांनाही सोबत नेलं.

काकांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे नाय छापणार मी."

"का? कारखानेवाल्यांना घाबरता काय?" मी म्हणाले.

"हे खोटं हाय म्हणून."

"काका, तुमच्याच विमानाबद्दल लिहिलंय."

"माझ्याच विमानाबद्दल खोटं लिहिलंस."

ताईंचा कीबोर्ड थांबला. पप्पा स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होते.

काका म्हणाले, "ऐक. जुन्या काळी इंजिनं बंद पडायची. म्हणून नियम होता, दोन इंजिनाच्या विमानानं विमानतळापासून तासाभरापेक्षा लांब जायचं नाय. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर तासाभरात उतरता आलं पाहिजे. समुद्रावर कुठला आला विमानतळ? म्हणून तिसरं लावलं. पुढं इंजिनं सुधारली. लई सुधारली. मला नाय आवडलं, पण सुधारली. वर्षानुवर्षं तपासली, तवा कुठं हळूहळू नियम सैल केला. मंग मधल्याची गरज राहिली नाय. वर इतक्या उंचावरल्या इंजिनाची दुरुस्ती करायला मेकॅनिकचे हाल, डिझेल... ते तेल बी जास्त. गेलं. त्यात कुणी कुणाचा गळा नाय कापला."

"म्हणजे तिसरा माणूस पण जाऊ द्यायचा?" माझा आवाज चढला होता. "उद्या कारखानेवालेही हेच म्हणतील. यंत्र सुधारलं, माणूस नको. तुम्ही त्यांच्याच हातात कोलीत देताय."

"त्यांना म्हणू दे. तू विचार ना. काय सुधारलं?" काका पप्पांकडे वळले. "तुम्ही सांगा भाऊ. पुढल्या दोघांचं काय सुधारलं? हात का डोळे?"

पप्पा म्हणाले, "काय नाय."

"अन् तो सेन्सर?"

पप्पा जरा हसले. "त्याच्यावर तेल उडतं. मंग तो उगंच मशीन थांबवतो. माल निघत नाय म्हणून सुपरवायझर त्याला टेप लावतो."

मग ताई म्हणाल्या, "टेप लावतो?"

"काळी. पूर्ण शिफ्ट."

"आता लिव्ह," काका मला म्हणाले. "विमानातलं तिसरं काढायच्या आधी दोघांची परीक्षा घेतली. इथं कुठं घेतली? कुणासमोर घेतली? टेप लावून घेतली का काढून? हे विचार. तुझा राग खरा हाय पोरी. त्याला खोट्याचा टेकू कशाला देतीस?"

मी चिडून पान फाडलं आणि तिथेच बसून दुसरं लिहिलं. आजही मला वाटतं, की काका त्या विमान कंपन्यांबद्दल जरा भोळे होते. नफ्याचा हात त्यात नव्हता असं मी कधीच मानणार नाही. पण नवं पत्रक पहिल्यापेक्षा धारदार झालं, हे मला लिहितानाच कळत होतं. मथळा झाला, 'आधी टेप काढा'. खाली एकच मागणी: सेन्सर उघडा ठेवून, कामगारांच्या समोर, तीन शिफ्ट यंत्र चालवून दाखवा. चाललं तर तिसरा माणूस आपणहून बाजूला होईल. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. ताईंनी स्क्रीनवर पानाच्या डोक्यावरचं विमान उचललं आणि काकांकडे पाहिलं.

"खाली घ्या त्याला," काका म्हणाले. "वर माणसं राहू द्या."

शिफ्ट बदलताना गेटवर ते पत्रक वाटलं. बसमधून उतरणारी माणसं मथळा वाचून थांबायची, कारण ती टेप प्रत्येकाने पाहिली होती आणि तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. 'नफेखोरी' या शब्दावर व्यवस्थापनाकडे तयार उत्तर असतं. टेपवर नव्हतं. त्यांना यंत्र चालवून दाखवावं लागलं. पहिल्याच शिफ्टमध्ये सेन्सरने यंत्र इतक्या वेळा बंद पाडलं, की नोटीस गुपचूप उतरली. पप्पा बटनापाशी परत उभे राहिले.

पुढे काही वर्षांनी नवीन यंत्र आलं, बंद पिंजऱ्याचं, ज्यात हात घालताच येत नाही. युनियनने अट घातली म्हणून तेही आधी चालवून दाखवलं. पप्पांनी स्वतः ते दिवसभर बघितलं आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "आता खरंच गरज नाय." त्यांना स्टोअरमध्ये घेतलं, तिथूनच ते निवृत्त झाले. त्या संध्याकाळी पप्पा छापखान्यात जाऊन काकांसोबत चहा पिऊन आले. काय बोलले ते सांगितलं नाही. दोघंही त्या बाबतीत एकाच जातीची माणसं.

मग पत्रकं कमी होत गेली. मोर्च्याची हाक मोबाइलवर येऊ लागली, आणि मोबाइलवरच्या मजकुराखाली विमान लावायची सोय काकांकडे नव्हती. ताई दुसरीकडे लागल्या. काकांनी मशीन विकलं, दोन वळणांची नळी मात्र पिशोरला नेली. भावाने ती गोठ्याला बसवली, असं ऐकलं. गेल्या उन्हाळ्यात काका गेले. शोकसभेचं पत्रक ताईंनी लावलं. दुसऱ्या छापखान्यातल्या मुलाने त्यांना विचारलं, "हे विमान कशाला खाली?"

"पत्रक संपलं म्हणून," ताई म्हणाल्या. माझी लहानपणची समजूत मी त्यांना कधीतरी सांगितली होती.

या हिवाळ्यात मला दिल्लीला एका कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं. पप्पांना घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा चिकलठाण्याच्या कुंपणाच्या आत. पप्पांनी शेवटची रांग मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पुढे खिडकी आहे." पप्पा म्हणाले, "नको, मागलीच द्या."

बसल्यावर त्यांनी पट्टा बांधला. मग वळून, सीटवरून हात मागे नेऊन, पाठीमागच्या भिंतीला तळवा लावला.

"इथं असायचं ना ते तिसरं?"

"जुन्या विमानांत. यात नाही."

"दोनच?"

"दोनच."

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. पंखांखालून आवाज चढू लागला. पप्पा ऐकत होते, यंत्राजवळ उभं राहून ऐकावं तसं, मान थोडी तिरकी करून.

"तपासलेली असतेत ना ही?"

"असतात पप्पा. सगळ्यांसमोर."

"मंग हरकत नाय," ते म्हणाले.

विमान धावलं, उठलं, बीड बायपासची घरं तिरकी झाली, कुठेतरी त्यात गारखेडाही असेल. पप्पांनी भिंतीवरचा हात काढला नव्हता.